तक्रार नाही

अर्शिया सिस्टरच्या हाताला गुण आहे असं डोंगराकडची माणसं सांगतात, आणि तिच्या तोंडी लागू नये असंही तीच माणसं सांगतात. दोन्ही खरं आहे. बाई जुन्नरची. नवऱ्याचं, सत्तारचं, तिथे बांगड्यांचं दुकान. ही मात्र गेली कितीतरी वर्षं सकाळची एसटी पकडून नारायणगाव, कळंब, मंचर करत आंबेगाव तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात कामाला येते. दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. तीस खाटांचा आहे, एवढं पुरे.

म्हाताऱ्या माणसाची शीर म्हणजे काय चीज असते ते ज्यानं सुई धरली त्यालाच ठाऊक. दिसत नाही, दिसली तर हाताला लागत नाही, लागली तर सटकते. नव्या पोरी तीन-तीनदा टोचून रडकुंडीला येत, मग कुणीतरी अर्शिया सिस्टरला हाक मारी. ती येई, पोरींना दोन शब्द सुनावी, पेशंटला एक सुनावी, आणि बोलणं संपायच्या आत सलाईन चालू झालेलं असे. असा हात. सकाळचा तिचा राउंडही तसाच, वाऱ्यासारखा. "काय मामा, बरं आहे ना?" "बरं हाय बाई." "मावशी, बरं आहे ना?" "बरं हाय." तीस खाटा, बारा मिनिटं. आणि तीस केसपेपरांवर तिच्या ठसठशीत अक्षरात दोन शब्द: तक्रार नाही. हे दोन शब्द तिनं किती हजार वेळा लिहिले असतील ते तिचा अल्ला जाणे. पण त्यांचा तिला अभिमान होता हो. दुसऱ्या पाळीत कुणी कण्हायचं, कुणी भांडायचं; माझ्या पाळीत वॉर्ड कसा शांत असतो बघा, असं ती चारचौघांत सांगायची.

पुढं शिकायला ती गेली ती काही ज्ञानाच्या ओढीनं वगैरे नाही. खोटं कशाला बोला? गेली ती नाकामुळे. पदवी घेतलेली सव्वीस वर्षांची एक पोर वॉर्डची इन्चार्ज होऊन आली आणि अर्शियाची ड्युटी लावायला लागली. सोळा वर्षं सुया टोचलेल्या बाईला हे झोंबणारच. तिनं तिरीमिरीत अर्ज केला, आणि सरकारचं नशीब असं की तो मंजूर झाला. दोन वर्षं, पुण्याला, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. घरी आता रणकंदन होणार अशा तयारीनं ती गेली, तर सासू जन्नतबी शांतपणे म्हणाल्या की स्वयंपाकघर मी तुझ्या आधीपासून चालवतेय, तू जा. सत्तारला काही बोलायला जागाच राहिली नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी बाई वसतिगृहातल्या पोरींबरोबर बादली घेऊन रांगेत उभी राहिली.

मला कोण काय शिकवणार, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं होतं. शिकवायला होत्या उज्ज्वला मॅडम. बारीक चणीच्या, इतक्या हळू बोलणाऱ्या की पंखा जोरात असला तर मागच्या बाकांना त्यांचे नुसते ओठ दिसत. पहिल्या महिन्यात त्यांनी शरीर शिकवलं. अर्शियाला वाटलं, हे तर आपलं रोजचं. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, सगळ्यांनी हात कोपरातून वाकवा. सगळ्यांनी वाकवले. वाकवताना पुढचा स्नायू आवळतो हे कुणीही सांगेल, मॅडम म्हणाल्या, पण त्याच क्षणी मागच्यानं सोडायचं असतं. त्याला 'सोड' असा निरोप जावा लागतो. चालताना, गिळताना, बोलताना, हसताना, दिवसभरात लाखो वेळा. तो निरोप जायचा थांबला तर माणूस हलायचाच नाही, नुसता आवळत जाईल.

झालं. वसतिगृहावर येऊन बाई कॉटवर बसली आणि आपलाच हात वाकवत, सरळ करत राहिली. शेजारच्या पोरी हसल्या, पण तिचं लक्ष नव्हतं. ज्या हातांत तिनं सोळा वर्षं सुया खुपसल्या त्या हातांत हे एवढं चाललेलं होतं! तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. मशिदीत पहिल्यांदा नेलेलं पोर कसं वर घुमटाकडे बघत राहतं, तशी ती आपल्या कोपराकडे बघत होती. त्या दिवसापासून कपाळावरचं ते लिहिलेलं थोडं पुसट झालं.

पण खरा दणका बसला तो दुसऱ्या वर्षी. उज्ज्वला मॅडमनी प्रत्येकीला एक पेशंट दिला आणि सांगितलं की त्याच्याजवळ चार तास बसायचं. हात मांडीवर ठेवायचे. नाडी बघायची नाही, चादर सारखी करायची नाही, सलाईनला हात लावायचा नाही, ते काम दुसरी करेल. आणि 'बरं आहे ना' असं विचारायचं नाही. चार तास संपल्यावर काय तो एक प्रश्न विचारायचा. अर्शियाला हसू आलं. बसून का कुणी बरं होतं, असं ती मॅडमच्या तोंडावर म्हणाली.

तिच्या वाट्याला आला सावळेराम. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाचा, भात करणारा गडी, पन्नाशीचा. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगून ठेवलेलं. आपल्याकडचा माणूस म्हणून अर्शियाला आधी बरं वाटलं. पहिला तास तिचे हात नुसते शिवशिवत होते. चादरीची एक सुरकुती तिच्या डोळ्यांत सलत होती. ती सारखी करायला हात दोनदा उठला, दोनदा तिनं तो मागं घेतला.

दुसऱ्या तासाला तिला दिसायला लागलं. औषधाची ढकलगाडी रोज येते-जाते, खाटांना धडकत जाते, त्यात काय एवढं. पण सावळेरामला ती लांबच्या वळणावर असतानाच ऐकू येत होती. तो खाटेचा लोखंडी दांडा धरायचा, चादरीखाली पायाची बोटं आवळायचा, गाडी यायची, खाटेला ठोकर बसायची, जायची, आणि मग एकेक बोट सुटायचं. चेहऱ्यावर काही नाही. तीन तासांत सात वेळा. पाणी विचारायला मावशी आली तर 'नगं' म्हणाला. ओठ पार फुटलेले, आणि शेजारच्याला दिलेला पेला परत जाईपर्यंत त्याचे डोळे त्या पेल्यामागं दारापर्यंत गेले. मधेच एक शिकाऊ सिस्टर आली, तिनं विचारलं, काका बरं आहे ना. "बरं हाय ताई. लई बरं हाय." पोरीनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेली. काय लिहिलं ते अर्शियाला न वाचता ठाऊक होतं.

हे वाक्य तिनं जन्मभर उभ्यानं ऐकलं होतं. आज पहिल्यांदा खाटेच्या उंचीवरून ऐकलं.

चार तास झाल्यावर तिनं आपला एक प्रश्न विचारला. पाणी का घेत नाही, दुखतंय ते का सांगत नाही, असे दोन प्रश्न एकात कोंबून विचारले. सावळेराम आधी लाजला. मग म्हणाला, "पानी पिलं की बाटली मागाया लागती. पोरी लेकीवानी, त्यांस्नी कसं सांगावं? आन बाई, पावन्याच्या घरी गेल्यावर आमटीला मीठ न्हाई म्हनून कुनी सांगतं व्हय? त्यांनी ठिवलंय, करत्यात, ह्येच लई झालं."

बघा म्हणजे. डोंगरातली ही माणसं दवाखान्याला दवाखाना समजतच नव्हती. त्यांच्या लेखी ते कुणाचं तरी घर होतं. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर अंग चोरून बसावं, मिळेल ते गोड मानावं, घरच्या बाईनं विचारलं तर बरं हाय म्हणावं. अर्शियाला सोळा वर्षं वाटत होतं की आपण तब्येत विचारतो आणि हे तब्येत सांगतात. ते तिचा मान राखत होते. तीस माणसं, रोज सकाळी, काहींची हाडं मोडलेली, काहींची पोटं फुगलेली, तिचा मान राखत होती.

त्या दिवशी ती जेवली नाही. तिला साळुबाई आठवत होती, नऊ वर्षांपूर्वीची. पोटात दुखतं म्हणून आलेली. सकाळी आठला उठून बसलेली, वेणी घालून, गाठोडं उशाशी नीट लावून. बरं आहे ना? बरं हाय बाई. दुपारी तीनला साळुबाई गेली. तिची वेळ भरली होती असं सगळे म्हणाले, अर्शियाही म्हणाली. नीट विचारलं असतं तर ती वाचली असती का? कोण सांगणार. पण 'बरं आहे ना' ह्या प्रश्नात उत्तर आपणच भरून देतो, समोरच्यानं फक्त मान हलवायची, हे तिला आता कळलं होतं. साळुबाईच्या केसपेपरवर शेवटचे दोन शब्द तिच्याच ठसठशीत अक्षरातले होते. उज्ज्वला मॅडमना तिनं हे सगळं सांगितलं, रडली, आणि मॅडमनी तिची समजूत वगैरे घातली नाही. त्या तिच्याजवळ बसून राहिल्या, हात मांडीवर ठेवून. तेव्हा तिला त्या बसण्याचा अर्थ लागला.

पदवी घेऊन बाई परत आली. तोंड तसंच राहिलं होतं, उगाच सुधारली बिधारली असं मी म्हणणार नाही. पण एक नवं खूळ घेऊन आली. राउंड झाला की कोपऱ्यातलं स्टूल ओढायचं आणि कुणातरी एका पेशंटजवळ दहा मिनिटं गप्प बसायचं. त्यातही जो कण्हतोय, ओरडतोय त्याच्याजवळ नाही, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. ज्याच्या केसपेपरवर 'तक्रार नाही' असेल त्याच्याजवळ. बाकीच्या सिस्टर म्हणायला लागल्या की दोन वर्षं शिकून बाई बसायला शिकून आल्या. तीस खाटांत दहा मिनिटं म्हणजे चेष्टा नाही. तिची इंजेक्शनं उशिरा व्हायची, इन्चार्ज पोर नाक मुरडायची. हिनं ऐकून घेतलं. हिनं ऐकून घेतलं, हेच खरं नवल.

हिरड्याचे दिवस होते. डोंगरातली बायकामाणसं भल्या सकाळी रानात जातात, हिरडा गोळा करतात, अंगणात वाळत घालतात. अशाच दिवसांत कोंडाबाई आली, पासष्टीच्या आसपासची, डिंभ्याच्या पार पलीकडची. संगं लेक गेणभाऊ. मान धरलीये, पाठ आखडलीये, एवढीच तक्रार, तीही लेकानं सांगितली. ओझी वाहून मान आखडणं ह्या भागात नवीन नाही. डॉक्टर सार्थक, नुकताच रुजू झालेला भला पोरगा, त्यानं तपासलं, दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. आणि दोन दिवसांत कोंडाबाई सगळ्या वॉर्डाची लाडकी झाली. कारण काय, तर म्हातारी हसतमुख. कधीही बघा, चेहऱ्यावर हसू. डॉक्टर आला की पदर तोंडावर धरून हसणार. पाय पोटाशी घेऊन, लुगड्यात झाकून, कोपऱ्यात बसणार. कशी आहेस आजी? बरं हाय. शेजारची बाई म्हणायची, दुखण्यात हसावं तर असं. आपलं ताटही ती शेजारणीच्या पोरांना देऊन टाकायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज लिहून झाला. बाराची एसटी. ती चुकली तर पुढची संध्याकाळी, आणि तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर. गेणभाऊ पिशवी भरून तयार. केसपेपरवर रात्रपाळीच्या सिस्टरनं लिहिलेलं होतं: तक्रार नाही. अर्शियानं स्टूल ओढलं. घरी निघालेल्या पेशंटजवळ कसली बसतेस, असं इन्चार्ज म्हणाली. ती बसली.

सकाळचा चहा आला होता. कोंडाबाई पदराआड बिस्कीट चहात बुडवत होती, पार विरघळेपर्यंत, आणि ते ओठांच्या फटीतून ओढून घेत होती. दात नसतील. पण पदर जरासा सरकला तेव्हा अर्शियाला दात दिसले, पुढचे सगळे शाबूत. तेवढ्यात गेणभाऊला घरून फोन आला आणि त्यानं बोलून झाल्यावर आईला सांगितलं की पहाटे बिबट्यानं चंपीला नेलं. चंपी म्हणजे घरची म्हातारी कुत्री, दहा-अकरा वर्षं दारात असलेली. आजूबाजूची माणसं हळहळली. बिबट्या ह्या भागात कुणाला नवा नाही, प्रत्येकाची एकेक गोष्ट निघाली.

कोंडाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घळाघळा. आणि तोंड हसतच होतं.

अर्शिया पुढं वाकून बघायला लागली. डोळे रडताहेत, कपाळ वर ओढलेलं, आणि ओठांचे कोपरे तसेच दोन्हीकडे ताणलेले, दोन दिवसांपूर्वी होते तस्से. ते हसू कोंडाबाईचं नव्हतंच. ते तिच्या चेहऱ्याला बसलं होतं आणि सुटत नव्हतं. सोड म्हणणारा निरोप जात नव्हता.

तिनं 'बरं आहे ना' विचारलं नाही. स्टूल आणखी जवळ घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "आजी, भाकरी चावून किती दिवस झाले?"

कोंडाबाईनं लेकाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग दातावर दात तसेच ठेवून बोलली. "पाच दिस. त्वांडच उघडत न्हाई. पन तुमी समदी एवढं करता, आन मी आनिक कुठं गाऱ्हानं लावू?"

पाय दाखवा म्हटल्यावर तिनं पाय आणखी आत ओढले. तळवा कुणाला दाखवू नये, लहानपणापासूनची शिकवण. अर्शिया खाली फरशीवर बसली, म्हणजे तळवा वर करून दाखवायचा प्रश्नच उरला नाही, आणि तिनं तो पाय आपल्या मांडीवर घेतला. टाचेत एक जुनी भोक पडलेली जखम, वरून मिटलेली. बारा-तेरा दिवसांपूर्वी गोठ्यातल्या फळीचा गंजका खिळा घुसला होता. शेणाच्या गोवरीची राख दाबली, रक्त थांबलं, आणि बाई दुसऱ्या दिवशी हिरड्याला गेली. ह्यात कुणाला नावं ठेवायची? तिच्या आईनं तेच केलं असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन तिनं जन्मात घेतलं नव्हतं. तोंड पदराआड, तळवा लुगड्याआड, दुखणं 'बरं हाय'च्या आड. सगळी रीतभात तिनं तंतोतंत पाळली होती, आणि त्या रीतीनंच ती बाराच्या एसटीत बसून मरायला निघाली होती.

अर्शिया ओपीडीत गेली, पळत नाही, भरभर. सार्थकला तिनं चार वाक्यांत सांगितलं. तो म्हणाला सिस्टर, मी बघितलंय तिला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून उठला. येऊन त्यानं लाकडी पट्टी त्या फटीतून हळूच आत घालून घशाला टेकवली. कुणालाही उमासा येतो, तोंड उघडतं. कोंडाबाईचे दात त्या पट्टीवर खटकन मिटले आणि सुटेनात. सार्थक पांढराफटक पडला. धनुर्वात पुस्तकात वाचलेला, डोळ्यांनी बघितलेला नव्हता. पण मग गडी डगमगला नाही, पुण्याला फोन लावला, १०८ची अँब्युलन्स बोलावली.

आवाज, उजेड, स्पर्श, कशानंही आता झटका येऊ शकतो, हे अर्शियाला ठाऊक होतं. ती वॉर्डच्या मधोमध उभी राहिली. तिचं तोंड सुटणार असं सगळ्यांना वाटलं. ती इतक्या हळू बोलली की मागच्या खाटांना नुसते ओठ दिसले. म्हणाली, आजीला आवाजाचा त्रास होईल, गाडी येईपर्यंत कुणी बोलू नका. आणि बघा, तीस खाटा, त्यांचे नातेवाईक, पोरं, फोनवरची गाणी, सगळं थांबलं. कुणी तरी उठून खिडकीला चादर बांधली. खोकणाऱ्या म्हाताऱ्यानं तोंडात पंचा धरला. पाळण्यात मूल निजल्यावर घर जसं पावलं दाबून चालतं तसा अख्खा वॉर्ड पावलं दाबून चालत होता. पाऊण तास. गेणभाऊ दाराशी उभा होता, बाराची एसटी गेली त्याचं त्याला भानही नव्हतं.

गाडीत अर्शियाच बसली. ड्रायव्हरला तिनं सायरन लावू दिला नाही. तो म्हणाला, चाकणला गाड्यांच्या रांगेत मरू आपण. ती म्हणाली, लावलास तर ही मरेल. मग सायरनशिवाय, खड्डे टाळत, ती गाडी पुण्याला निघाली. कोंडाबाईच्या कानांत कापूस, डोळ्यांवर ओली पट्टी. तिचा हात धरावा असं अर्शियाला इतकं वाटत होतं की काय सांगू. पण धरायचा नव्हता. आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून ती अडीच तास नुसती बघत बसली, श्वास मोजत. चाकणच्या अलीकडे कोंडाबाईची पाठ एकदा कमानीसारखी वर उचलली गेली आणि परत खाली आली. अर्शिया तोंडातल्या तोंडात दुवा मागत होती. कोंडाबाईच्या कुठल्या देवाला काय बोललं तर चालतं हे ठाऊक असतं तर तेही बोलली असती.

कोंडाबाई सव्वीस दिवस तिथे अंधाऱ्या खोलीत होती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोंगरात गेली असती तर हाती लागली नसती. वाचली.

तीन महिन्यांनी, भातलावणी उरकल्यावर, एका रविवारी अर्शिया डिंभ्याच्या पलीकडे गेली. एसटीनं दीड तास वाट बघायला लावली, वर दोन कोस चालायला लावलं. अंगणात कोंडाबाई काठी घेऊन बसलेली. ही आली तसं तिचं तोंड भरून हसू आलं. अर्शिया पायरीवर उभीच राहिली. तिला त्या चेहऱ्यावरून नजर काढवेना. हसू आलं, डोळ्यांपर्यंत गेलं, थोडं थांबलं, आणि मग गेलं. आपोआप गेलं. चेहरा परत साधा झाला, जरा थकलेला, कपाळाला आठी पडलेला. केवढी मोठी गोष्ट. माणसाच्या चेहऱ्यावरून हसू जातं, आणि कुणी बघतसुद्धा नाही.

चहा झाला. अर्शियानं सवयीनं पिशवीतून वही काढली, पण विचारलं काहीच नाही. नुसती बसली, हात मांडीवर ठेवून. थोड्या वेळानं कोंडाबाईच सुरू झाली. गुडघा ठणकतो. राती कूस बदलाया येत न्हाई. पुण्याची ती पांढरी गोळी कडू जहर हाय, ती मी घेत न्हाई, सांगून ठिवते. सून भाकर जाड करती. दवाखान्याची ती खाट सारखी करकर वाजत व्हती, तवा बोलले न्हाई, आता बोलते. तुमच्या त्या पोरींनी तीन सुया टोचल्या, तू का न्हाई आलीस? अर्शिया लिहीत होती. पान भरलं, तिनं उलटलं. डोळे पुसायला मधे हात थांबला, तर कोंडाबाईनं काठी आपटली.

"आन त्ये बी लिव," ती म्हणाली. "तीन म्हैने झालं. लई दिसांनी आलीस."

"चुकलं आजी," अर्शिया सिस्टर म्हणाली, आणि तेही लिहून घेतलं.